विश्लेषण : चुंबकाने स्टेम सेल ‘जागे’ होतात का? गादी, मशीन आणि मोबाइल टॉवरबद्दल विज्ञान काय सांगते?

गावी आई-वडील आणि नोकरीसाठी मुंबईत मुलगा-सून. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी घरांचे हे चित्र. अशा घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक दिवस व्हिडिओ येतो : चुंबकीय गादीवर रोज अर्धा तास झोपा, शरीरातले ‘स्टेम सेल’ जागे होतात आणि झिजलेला गुडघा पुन्हा भरून येतो. किंमत विचारली की आकडा हजारांत, कधी लाखातही सांगितला जातो. वर हप्त्यांची सोय. आईचे गुडघे दुखत असतात, त्यामुळे प्रश्न लगेच येतो : ‘घेऊया का रे?’

काही दिवसांनी त्याच ग्रुपवर दुसरा मेसेज येतो : गावात नवा मोबाइल टॉवर होऊ देऊ नका, त्याच्या लहरींनी स्टेम सेल मरतात. जास्तीत जास्त लोकांना पाठवा.

गंमत म्हणजे दोन्ही मेसेज एकाच संशोधनाचा आधार घेतात. विद्युतचुंबकीय क्षेत्राचा स्टेम सेलवर परिणाम होतो, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे, एवढे वाक्य दोघांनीही उचललेले असते. एकाने त्यातून औषध काढले, दुसऱ्याने विष. मूळ संशोधन नेमके काय आहे?

थोडक्यात उत्तर काय?

प्रयोगशाळेतल्या काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बशीत ठेवलेल्या काही मूळपेशींवर विशिष्ट प्रकारच्या चुंबकीय स्पंदनांचा परिणाम होतो, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. न जुळणाऱ्या हाडांसाठी अशा स्पंदनांची यंत्रे काही देशांत १९७९ पासून अधिकृतपणे वापरात आहेत. पण या माहितीवरून चुंबकीय गादीने गुडघा नवा होतो असे म्हणता येत नाही, आणि टॉवरमुळे मूळपेशी मरतात असेही म्हणता येत नाही. क्षेत्र कोणते, किती तीव्र, किती वेळ आणि कोणत्या पेशीवर, या चार प्रश्नांवर सगळे अवलंबून आहे. दोन्ही मेसेज हे चार प्रश्न गाळतात.

स्टेम सेल म्हणजे नेमके काय?

आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींचे काम ठरलेले असते. स्नायूची पेशी आकुंचन पावते, तांबडी रक्तपेशी प्राणवायू वाहून नेते. काही पेशी मात्र ‘अजून ठरायचे आहे’ अशा अवस्थेत राखून ठेवलेल्या असतात. त्या स्वतःसारख्या आणखी पेशी तयार करतात आणि गरज पडली की एखादी विशिष्ट पेशी बनतात. या मूळपेशी, म्हणजेच स्टेम सेल. मूळपेशीने एखादा मार्ग धरून विशिष्ट पेशी होणे, याला विभेदन म्हणतात.

हे काम शरीरात अखंड चालू असते. अस्थिमज्जेतल्या मूळपेशींपासून दर सेकंदाला अंदाजे २० लाख तांबड्या रक्तपेशी तयार होतात. त्यासाठी कोणी गादीवर झोपावे लागत नाही. तेव्हा मूळपेशी ‘झोपलेल्या’ आहेत आणि त्यांना ‘जागे’ करायचे आहे, ही कल्पनाच अर्धवट आहे.

अस्थिमज्जेत आणखी एक प्रकार असतो : हाड, कूर्चा आणि चरबीच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळपेशी. त्यांना मेसेंकायमल स्टेम सेल हे नाव १९९१ मध्ये अमेरिकी संशोधक अर्नोल्ड कॅप्लान यांनी दिले. या लेखातली बहुतेक चर्चा या पेशींची आहे.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. पेशी शरीराबाहेर वाढवण्याची देशातली पहिली संशोधन प्रयोगशाळा मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. कमल रणदिवे यांनी १९६० च्या दशकात उभी केली. टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातले पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. तो मूळपेशींचाच उपचार होता आणि आज तो रक्ताच्या अनेक आजारांवर नियमितपणे केला जातो. पुण्यात गणेशखिंडला राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, तिथे मूळपेशींवर अनेक वर्षे संशोधन होत आले आहे.

विद्युतचुंबकीय क्षेत्र म्हणजे काय?

तारेतून वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. उलट, चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले की जवळच्या वाहकात वीज निर्माण होते. हा दुसरा नियम मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधला. त्यातला ‘बदलत राहिले की’ हा भाग लक्षात ठेवा, पुढे गादीच्या वेळी तो कामाला येईल.

या क्षेत्रात आपण कायमचेच राहतो, कारण पृथ्वी स्वतः एक मोठा चुंबक आहे. हे क्षेत्र मोजण्याची जुनी परंपरा कोकणातच आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय नोंदी होत असत. शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरल्यावर त्यांच्या विद्युतप्रवाहाने नोंदी बिघडतील हे ओळखून ते काम अलिबागला हलवण्यात आले. १९०४ मध्ये सुरू झालेल्या अलिबागच्या वेधशाळेच्या बांधकामात लोखंड कटाक्षाने टाळले गेले. तिथे आजही नोंदी होतात.

आता आकडे पाहू, कारण खरी मेख तिथेच आहे. चुंबकीय क्षेत्राची तीव्रता टेस्ला या एककात मोजतात. एक मायक्रोटेस्ला म्हणजे त्याचा दहा लाखावा भाग.

• कोकणात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र : ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास
• हाडांसाठीच्या प्रयोगांत आणि यंत्रांत बऱ्याचदा वापरले जाणारे स्पंदित क्षेत्र : १००० ते २००० मायक्रोटेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या २५ ते ५० पट
• घरगुती विजेच्या ५० हर्ट्झ क्षेत्रासाठी सामान्य लोकांकरिता २०१० ची आंतरराष्ट्रीय शिफारस केलेली मर्यादा : २०० मायक्रोटेस्ला
• रुग्णालयातले एमआरआय यंत्र : १.५ किंवा ३ टेस्ला, म्हणजे १५ लाख किंवा ३० लाख मायक्रोटेस्ला

एमआरआय काढून आलेल्या माणसाचा झिजलेला गुडघा भरून निघाल्याचे कोणी पाहिलेले नाही. म्हणजे केवळ ‘चुंबक शक्तिशाली आहे’ एवढे पुरेसे नाही.

हाडाचा आणि विजेचा संबंध कसा कळला?

१९५७ मध्ये ईइची फुकादा आणि इवाओ यासुदा या जपानी संशोधकांनी दाखवले की हाडावर दाब दिला की त्यात सूक्ष्म विद्युतभार तयार होतो. गॅस पेटवायच्या लायटरमध्ये खटका दाबला की ठिणगी पडते, त्याच जातीचा हा परिणाम. यावरून प्रश्न निघाला : चालताना, ओझे उचलताना हाडात निर्माण होणारी ही वीज पेशींना ‘इथे हाड बांधा’ असा निरोप देत असेल का? तसे असेल, तर मोडलेल्या हाडाला तो निरोप बाहेरून देता येईल का?

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले अस्थिशल्यविशारद अँड्र्यू बॅसेट यांनी याचा पाठपुरावा केला. त्यांच्या गटाने १९७४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात कुत्र्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. हाडाच्या दोन्ही बाजूंना तारेची वेटोळी ठेवून त्यांतून विजेची स्पंदने सोडली, तर हाड जुळायला मदत होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. कातडीला छेद नाही, सुई नाही. १९७९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने न जुळणाऱ्या हाडांसाठी अशा यंत्राला मान्यता दिली.

ही गरज आपल्याकडेही आहे. महामार्गावर दुचाकीवरून पडलेला, नारळाच्या किंवा आंब्याच्या झाडावरून पडलेला माणूस रुग्णालयात येतो, प्लास्टर किंवा शस्त्रक्रिया होते, महिने जातात आणि तरीही एक्स-रेमध्ये हाड जुळलेले दिसत नाही. मोडलेल्या हाडांपैकी साधारण ५ ते १० टक्के हाडे उशिरा जुळतात किंवा जुळतच नाहीत, असे वैद्यकीय साहित्यात मानले जाते. धूम्रपान, मधुमेह, जंतुसंसर्ग आणि हाडाला पुरेसा रक्तपुरवठा नसणे ही त्यामागची नेहमीची कारणे आहेत.

प्रयोगशाळेत नेमके काय करतात?

अस्थिमज्जेतून किंवा चरबीतून काढलेल्या मूळपेशी प्लास्टिकच्या बशीत पोषक द्रवात ठेवतात. बशी ३७ अंश तापमानाच्या पेटीत जाते. द्रवात डेक्सामेथासोन, क जीवनसत्त्व आणि फॉस्फेट देणारे एक रसायन घातले की पेशी हाडाच्या मार्गाला लागतात. काही बशा वेटोळ्यांच्या मधोमध ठेवून त्यांना ठरावीक वेळ चुंबकीय स्पंदने देतात. उरलेल्या बशा तशाच वेटोळ्यांत, पण प्रवाह बंद ठेवून.

दोन-तीन आठवड्यांनी तपासणी होते. हाड बांधणाऱ्या पेशींत वाढणारे विकर वाढले का? आरयूएनएक्स-२ हा हाडाच्या वाटेवरचा जनुक जास्त चालू झाला का? शेवटी बशीत ॲलिझारिन रेड नावाचा रंग टाकतात. मंजिष्ठेच्या जातकुळीतल्या एका झाडाच्या मुळांपासून पूर्वी ॲलिझारिन काढत. हा रंग कॅल्शियमला चिकटतो. जिथे हाडासारखा थर साचला, तिथे बशी लाल दिसते.

अनेक प्रयोगांत स्पंदने दिलेली बशी जास्त किंवा लवकर लाल झाली. ‘चुंबकाने स्टेम सेलचे हाड होते’ या बातमीचा मूळ आधार तो हा.

इथे एक बारकावा आहे आणि तो रत्नागिरीकराला आंब्याच्या आढीवरून चटकन कळेल. चौदा आणे तयार झालेला हापूस पेंढ्याच्या आढीत घातला की ऊब मिळून नीट पिकतो. कोवळा आंबा त्याच आढीत घातला तर सुरकुततो, पिकत नाही. आढी आंबा पिकायला मदत करते, पण आंबा तयार करत नाही. बहुतेक प्रयोगांत चुंबकीय स्पंदनांचे काम आढीसारखे आहे. पेशींना हाडाच्या वाटेला लावणारी रसायने आधीच द्रवात आहेत. स्पंदने त्या वाटेवरचा वेग थोडा वाढवतात. नुसत्या क्षेत्राने कोणतीही मूळपेशी हवी ती पेशी बनते, असे हे संशोधन सांगत नाही.

पेशीला चुंबकीय स्पंदन कळते कसे?

यावर अजून एकमत नाही. काही गटांना दिसले की स्पंदनांनंतर पेशीत कॅल्शियमची ये-जा बदलते. पेशीच्या आत कॅल्शियम हा निरोप्यासारखा असतो, त्याचे प्रमाण बदलले की पुढची अनेक कामे सुरू होतात. इटलीतल्या संशोधकांनी पेशीच्या आवरणावरच्या ॲडिनोसिन ग्राहकांवर होणारा परिणाम दाखवला. ही ग्राहके दाह कमी-जास्त होण्याशी जोडलेली आहेत. आणखी काहींनी हाडाच्या वाढीला चालना देणारी प्रथिने वाढल्याचे नोंदवले.

म्हणजे दारातून आत गेल्यावर काय होते, याचे तुकडे हाती आहेत. दाराची कडी नेमकी कुठे आहे, हे ठरायचे आहे.

प्रयोगांतही खाचखळगे आहेत. वेटोळ्यातून वीज गेली की ते तापते. पेशींना अर्धा-एक अंश जास्त ऊब मिळाली, तरी त्यांचे वागणे बदलू शकते. मग फरक चुंबकाने पडला की उबेने? ज्या पेट्यांत पेशी वाढवतात त्यांच्या पंख्यांचे, मोटारींचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र असते आणि एकाच पेटीत जागेनुसार ते खूप बदलते, हेही मोजमापांत आढळले आहे. वरच्या कप्प्यातली बशी आणि खालच्या कप्प्यातली बशी यांची तुलना त्यामुळे फसवी ठरू शकते. चांगले संशोधक यासाठी जास्त काळजी घेतात. सगळेच घेत नाहीत.

जास्त वेळ दिला तर जास्त फायदा होतो का?

नाही, आणि या संशोधनातली सर्वांत उपयोगी गोष्ट कदाचित हीच आहे. सिंगापूरमधल्या एका गटाने २०१७ मध्ये मूळपेशींपासून कूर्चा बनण्यावर स्पंदित क्षेत्राचा परिणाम तपासला. कूर्चा म्हणजे सांध्यातली गुळगुळीत गादी, जी गुडघेदुखीत झिजते. त्यांना सर्वांत चांगला परिणाम दिसला तो २००० मायक्रोटेस्लाच्या स्पंदनांना फक्त १० मिनिटे, तेही एकदाच, दिल्यावर. वेळ किंवा तीव्रता वाढवली, तेव्हा फायदा वाढण्याऐवजी घटला.

वेगवेगळ्या गटांनी वापरलेली वारंवारता, तीव्रता आणि वेळ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोणी मिनिटे दिली, कोणी दिवसचे दिवस. त्यामुळे निकालही एकसारखे नाहीत : कुठे वाढ, कुठे काहीच नाही, कुठे उलटे. अशा स्थितीत ‘रात्रभर झोपा, जास्त फायदा’ असे सांगणाऱ्याला हे संशोधन माहीत नाही, किंवा माहीत असून तो सांगत नाही.

बशीतले माणसात उतरले का?

थोडेसे, आणि तेही विशिष्ट ठिकाणी.

न जुळणाऱ्या लांब हाडांबद्दल कॉक्रेन या स्वतंत्र संस्थेने २०११ मध्ये सर्व योग्य चाचण्या एकत्र तपासल्या. अशा फक्त ४ चाचण्या सापडल्या, त्यांत मिळून १२५ रुग्ण. कल फायद्याकडे होता, पण ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही, असे त्यांनी लिहिले. २०१६ मध्ये दुसऱ्या एका गटाने हाडांसाठीच्या विद्युत आणि चुंबकीय यंत्रांच्या १५ चाचण्या तपासल्या. त्यांत सुमारे १२५० रुग्ण होते आणि काहींना नकळत बंद यंत्र दिले होते. यंत्र वापरणाऱ्यांत एक्स-रेवर हाड न जुळण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसला, वेदनाही काहीशी कमी झाली. रोजच्या हालचालींत मात्र फरक आढळला नाही.

गुडघ्याच्या झिजेबद्दल कॉक्रेनने २०१३ मध्ये ९ चाचण्या आणि ६३६ रुग्णांची माहिती पाहिली. १०० गुणांच्या मापावर वेदनेत सरासरी १५ गुणांची जास्त घट दिसली. चालणे-उठणे-बसणे यांत आणि जीवनमानात स्पष्ट सुधारणा दिसली नाही. झिजलेली कूर्चा पुन्हा उगवल्याचा पुरावा या आढाव्याने दिलेला नाही.

म्हणजे वैद्यकीय स्पंदन यंत्राने काही रुग्णांची दुखणी थोडी कमी होत असतील, हे नाकारायचे कारण नाही. ‘गुडघा नवा होतो’ हे मात्र वेगळेच विधान आहे.

मग चुंबकीय गादीचे काय?

फॅरेडेचा नियम आठवा : वीज निर्माण व्हायला क्षेत्र बदलत राहावे लागते. हाडांच्या यंत्रात ते सेकंदाला अनेकदा चढते-उतरते. गादीत शिवलेले साधे चुंबक स्थिर असतात. त्यांच्यावर माणूस स्थिर पडला की शरीरात ती वीज तयार होत नाही. त्यामुळे स्पंदित क्षेत्राच्या संशोधनाचा दाखला देऊन स्थिर चुंबकाची गादी विकणे म्हणजे बोटीचे तिकीट दाखवून एसटीत बसण्यासारखे आहे.

स्थिर चुंबकांवर स्वतंत्र चाचण्याही झाल्या. कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात २००७ मध्ये त्यांचा आढावा आला. स्थिर चुंबकांनी वेदना कमी होतात याला एकूण पुराव्याचा आधार मिळत नाही, असे त्यात म्हटले होते. सांध्यांच्या झिजेबाबत मात्र पुरावा अपुरा असून आणखी तपासणी हवी, असे लेखकांनी नोंदवले.

काही महागड्या गाद्यांत विजेवर चालणारी स्पंदन यंत्रणा असते. तिथे प्रश्न बदलतो : नेमकी वारंवारता आणि तीव्रता किती, ती कोणत्या आजारासाठी तपासली गेली, आणि वैद्यकीय उपकरण म्हणून तिची नोंदणी आहे का?

टॉवरवाला मेसेज तरी खरा आहे का?

हाडांसाठीच्या यंत्रात सेकंदाला साधारण १५ ते ७५ वेळा स्पंदने येतात. ९०० मेगाहर्ट्झच्या मोबाइल लहरी सेकंदाला ९० कोटी वेळा कंप पावतात. दोन्हींना ‘विद्युतचुंबकीय’ म्हणतात म्हणून त्यांचा परिणाम एकच असेल असे नाही. सूर्यप्रकाशही विद्युतचुंबकीयच आहे. मोबाइल लहरींचा नीट सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊतींना थोडी उष्णता मिळणे.

भीतीला आधार म्हणून ज्या प्रयोगांचे नाव घेता येईल, असा एक आहे. २०१० मध्ये बेल्यायेव यांच्या गटाने मानवी मूळपेशींवर मोबाइलच्या वारंवारतेच्या लहरी सोडल्या. डीएनए दुरुस्तीशी संबंधित एका प्रथिनाच्या वागण्यात त्यांना बदल दिसला आणि तो साध्या पेशींपेक्षा मूळपेशींत जास्त होता. हा प्रयोग खोटा म्हणून उडवून लावायचे कारण नाही. पण तो बशीतला आहे. माणसाला आजार झाल्याचे त्यात दाखवलेले नाही. बशीतल्या सुधारणेवरून गादी विकणे चूक असेल, तर बशीतल्या बदलावरून गावाला घाबरवणेही चूकच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या २-ब गटात ठेवले. पुरावा मर्यादित आहे, असा त्याचा अर्थ होतो. पुढे याच संघटनेने करवून घेतलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही. भारताने सप्टेंबर २०१२ मध्ये टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा लागू केली होती : ९०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे ०.४५ वॉट. तुलनेसाठी, भर दुपारच्या उन्हात चौरस मीटरवर १००० वॉटच्या आसपास ऊर्जा पडते. गावातल्या टॉवरबद्दल शंका असेल, तर दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर माहिती पाहता येते आणि शुल्क भरून मोजणीही मागता येते. मोजणीचा आकडा हातात असला की ग्रामसभेत भांडण कमी आणि चर्चा जास्त होते.

कायदा काय म्हणतो?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत. रक्ताशी संबंधित ठरावीक आजारांतले अस्थिमज्जा प्रत्यारोपण सोडले, तर मूळपेशींचा रुग्णांवरचा वापर प्रायोगिक मानला जातो आणि तो मान्यताप्राप्त चाचणीतच व्हायला हवा. औषध महानियंत्रकांनी मोजक्या पेशी-उत्पादनांना स्वतंत्र मंजुरी दिली आहे. ती तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायची असतात. हॉलमधल्या शिबिरात विकायच्या वस्तू त्या नव्हेत.

चमत्कारी उपायांच्या जाहिरातींना आळा घालणारा १९५४ चा कायदाही आहे. कर्करोग, मधुमेह, पक्षाघात अशा आजारांवर रामबाण इलाज असल्याची जाहिरात करणे त्यानुसार गुन्हा ठरू शकतो.

घरात असा प्रश्न आला तर काय करावे?

पैसे गेले तर ते पुन्हा कमावता येतात. वेळ गेला तर अवघड होते. न जुळलेल्या हाडाचे, सांध्यातल्या संसर्गाचे किंवा आमवाताचे निदान सहा महिने गादीच्या भरवशावर लांबले, तर नंतरचा उपचार कठीण आणि महाग होतो. म्हणून विकत घेण्याआधी एवढे विचारा :

१. आजार कोणता आहे? डॉक्टरांनी एक्स-रे आणि तपासणी करून निदान केले आहे का?
२. यंत्रातले क्षेत्र स्थिर आहे की स्पंदित? वारंवारता, तीव्रता आणि वेळ लिहून द्या.
३. याच यंत्राची, याच आजाराच्या माणसांवर चाचणी झाली आहे का? बशीतल्या पेशींवरचा किंवा उंदरावरचा दाखला चालणार नाही.
४. वैद्यकीय उपकरण म्हणून नोंदणी आहे का? क्रमांक काय?
५. पक्के बिल आणि परत घेण्याची लेखी अट आहे का?

उत्तर म्हणून फक्त ‘फलाण्या काकूंना फरक पडला’ एवढेच मिळाले, तर थांबा. घरात कोणाला पेसमेकर असेल किंवा कोणी गरोदर असेल, तर स्पंदन यंत्राच्या जवळ जाण्याआधी डॉक्टरांना विचाराच.

रत्नागिरीत आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवायला प्रत्येक वेळी मुंबई किंवा कोल्हापूर गाठायलाच हवे असे नाही. झिजलेल्या गुडघ्यासाठी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजन कमी करणे यांना चुंबकापेक्षा कितीतरी भक्कम पुरावा आहे. विक्रीत फसवणूक झाली असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते.

ग्रुपवर उत्तर काय द्यायचे?

आईला ‘हे सगळे थोतांड आहे’ असे सांगितले, तर ती गप्प बसेल आणि कदाचित शेजारणीबरोबर जाऊन गादी बुक करून येईल. शिवाय ते पूर्ण खरेही नाही. त्यापेक्षा हा मजकूर पाठवा :

“आई, चुंबकीय स्पंदनांचा पेशींवर परिणाम होतो हे खरे आहे. न जुळणाऱ्या हाडासाठी डॉक्टर तसे यंत्र वापरू शकतात. पण गादीने गुडघा भरून येतो असे कुठेही सिद्ध झालेले नाही. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवू, एक्स-रे काढू. शनिवारी मी येतोय, बरोबर जाऊ.”

शेवटचे वाक्य मात्र पाळायला हवे.